मंजूच्या कोपराची फाइल

परवा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलेलो. आपण जिवंत आहोत याची खात्री बँकेला दर वर्षी नव्याने करून द्यावी लागते. रांगेत चिटणीस भेटला. आम्ही एका ऑफिसात वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर काढली. त्याने माझी तब्येत विचारली नाही, बायकोची विचारली नाही. म्हणाला, "मंजूचं कोपर काय म्हणतंय?"

मंजू माझी मुलगी. आता कॉलेजात आहे. तिचा चेहरा रस्त्यात ओळखू न शकणारी माणसं तिच्या कोपराची चौकशी करतात, कारण आमच्या ऑफिसने तिचं कोपर आधी पाहिलं आणि तिला नंतर.

असे किस्से एकेकटे येत नाहीत. एक ओढला की सुतळीने बांधलेले पुढचे पाच बाहेर पडतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते इतक्या वेळा सांगितलेत की कोणी कुठे हसायचं हेही ठरून गेलं होतं. सगळ्यांत जास्त मी हसायचो. आता घरी बसून आठवतो, तेव्हा हसायची जागा सापडत नाही.

*

ऑफिस ठाण्याला, सरकारी. आवक-जावक शाखेत आम्ही पाच जण. हेडक्लार्क कर्णिक, ते कोणत्याही विषयावर सर्वांत शेवटी बोलत आणि त्यानंतर विषय संपला असं समजायचं असे. गोखले आरोग्यावरची पुस्तकं वाचायचा आणि दुसऱ्यांवर करून बघायचा. चिटणीस कळव्याचा, त्याला प्रत्येक कामासाठी एक मेव्हणा होता. वैतीबाई टायपिस्ट, बाळकुमच्या, तिथल्या जुन्या घरातल्या. त्या टाइप करताना बोटांकडे बघत नसत, त्यामुळे बाकी सगळीकडे बघायला मोकळ्या असत. आणि मी, दामले, राहणार डोंबिवली.

पंच्याऐंशीच्या सुमारास, मंजू चार वर्षांची असताना, तिच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या वळ्यांत लाल चट्टे उठले. पोर रक्त येईपर्यंत खाजवायची. शेजारचे म्हणाले खरूज, आणि आपली मुलं आत घेतली. माझी आई आजारी होती म्हणून कुंदा, माझी बायको, घरी थांबली आणि मी एकटाच मंजूला घेऊन कल्याणच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ. बाहेर गर्दी, आत ते शांत.

"इसब आहे. कोणाला लागत नाही," ते म्हणाले. "याच्याशी भांडायचं नाही, समजुतीने घ्यायचं. सगळं लिहिलंय. नीट वाचा आणि महिन्याने या."

मी वाचलं. मंजूचं नाव, वय, एका मलमाचं नाव, दिवसातून दोनदा, सात दिवस. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर मी तो कागद फाइलला लावला. छोटी चिठ्ठी हरवते, म्हणून आमच्याकडे ती डिंकाने पूर्ण फुलस्केपवर चिकटवायची, मग भोक पाडून टॅग घालायचा. फाइलला नंबर दिला. घरातल्या माणसाचा आजार इतका व्यवस्थित लावून ठेवलेला मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही.

कर्णिकांनी फाइल उघडून पाहिली आणि म्हणाले, "पहिलं पान उत्तम. आता टिपण्या येऊ द्या."

त्या आल्या.

*

मलमाने चमत्कार केला. पाचव्या दिवशी कोपर स्वच्छ. आठव्या दिवशी मी मलम बंद केलं, अठराव्या दिवशी चट्टे परत हजर. महिन्याने या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण कल्याणला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा.

चिटणीस म्हणाला, "रजा कशाला? सात दिवसांचा आदेश संपला. मुदतवाढ द्या."

हे वाक्य ज्याला विचित्र वाटेल त्याने सरकारी नोकरी केलेली नाही. आमच्याकडे तीन महिन्यांसाठी मंजूर झालेली तात्पुरती जागा तिच्यावरचा माणूस निवृत्त होईपर्यंत चालते. दर तीन महिन्यांनी एक ओळ लिहायची : पुढे चालू ठेवण्यास हरकत नसावी. तशी मी मंजूच्या फाइलवर लिहिली. चिटणीसच्या केमिस्ट मेव्हण्याने ट्यूब दिली, कागद न मागता. पुढच्या वेळी पुन्हा एक ओळ, पुन्हा एक ट्यूब. दहाव्या मुदतवाढीला चिटणीसने पेढे मागितले.

हा किस्सा मी ट्रेनिंगला आलेल्या नव्या कारकुनांनाही सांगायचो. खूप हसायचे.

*

वर्ष झालं. ऑफिसात सत्यनारायण होता, सगळे कुटुंबासह. मंजूला कुंदाने बिनबाह्यांचा फ्रॉक घातला होता, कारण चट्टा एकही नव्हता. कर्णिक सगळ्यांना तिचं कोपर दाखवत होते, शाखेचं काम दाखवावं तसं.

वैतीबाईंनी मंजूला जवळ घेतलं, प्रसाद भरवला, आणि तिचा हात उजेडाकडे धरला. मग मला म्हणाल्या, "दामले, ही कातडी बघितली का? कांद्याचा पापुद्रा झालाय. आतल्या शिरा दिसतात."

मी म्हणालो, गोरी आहे ती.

"गोरं आणि पातळ यातला फरक मला कळतो," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं मासळी साफ करणाऱ्या बायांचे हात बघतच वाढलेय मी."

कुंदाने ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी ती मंजूला घेऊन डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ट्यूब पाहिली, वर्षाचा हिशेब ऐकला, आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "वहिनी, मलमाचा दोष नाही. पोळीला तूप लावावं तसं लावलंत तुम्ही." ते हळूहळू कमी करत बंद करायला सांगितलं, आणि कल्याणच्याच डॉक्टरांना पुन्हा दाखवा म्हणाले.

मी कल्याणला गेलो. दवाखाना बंद. पाटीसुद्धा काढलेली, भिंतीवर तिचा पांढरा चौकोन तेवढा राहिलेला. डॉक्टर काम थांबवून मुलाकडे राहायला गेले होते. कुठे, ते खालच्या दुकानदाराला माहीत नव्हतं.

मलम बंद झालं आणि मंजूच्या अंगाने वर्षभराचं सगळं एकदम वसूल केलं. मानेपर्यंत चट्टे. कुंदाने जाहीर केलं, "ते मलम आता या घरात नको. बिनमलमाचं काय ते बघा."

ऑफिस याचीच वाट बघत होतं.

*

पहिला मान गोखलेचा. त्याने पथ्य दिलं. दूध बंद, दही बंद, वांगं, आंबट, शेंगदाणा, गूळ, मैदा बंद. काय चालू, ते त्याला सांगायला वेळ लागला. मूग आणि भात निघाले.

शेजारी वाढदिवस होता. मंजूला आम्ही डब्यातून मुगाची खिचडी नेली. ती केकसमोर शहाण्यासारखी उभी राहिली आणि तिने आईला विचारलं, "वास घेतला तर चालतो का?"

मी दुसऱ्या दिवशी गोखलेला विचारलं. त्याने पुस्तक काढून पाहिलं!

*

मग कर्णिक. त्यांच्या घरामागे कडुलिंब होता. ते रोज पाला आणायचे, वर्तमानपत्रात बांधून. पाला उकळून, आटवून, हिरवंकाळं पाणी करायचं आणि त्याने अंग घासायचं. फुटलेल्या कातडीवर ते पडल्यावर मंजू ज्या आवाजात ओरडायची, तो आवाज मी ऑफिसात करून दाखवला नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

कर्णिक म्हणाले, "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

माझ्याकडे तेव्हा रेक्झिनची काळी बॅग होती, दोन पितळी खटक्यांची. मी सातच्या सुमारास घरी यायचो, बॅग टेबलावर ठेवायचो, खटके उघडायचो, आतून ऑफिसने पाठवलेलं जे काही असेल ते काढायचो, आणि रिकामी बॅग खुंटीला लावायचो. कधी पाला, कधी चूर्ण, कधी चिटणीसच्या दुसऱ्या मेव्हण्याच्या ओळखीच्या वैद्याचा काळा लेप. मंजू स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहायची. बोलवावं लागायचं. आली की हात पुढे करायची आणि विचारायची, "आज कोणाचं?"

काकांची नावं तिने औषधांवरून लावली होती. पुढच्या सत्यनारायणाला कर्णिकांना नमस्कार कर म्हटल्यावर तिने मला वाकवून कानात विचारलं, "हेच का झोंबणारे काका?" कानात विचारलं, पण खोलीभर ऐकू गेलं. कर्णिक इतके हसले की त्यांचा ठसका थांबेना.

वैतीबाई हसल्या नाहीत. यंत्रावर कागद चढवत म्हणाल्या, "पोर आहे का टपाल, दामले? या टेबलावरून त्या टेबलावर नुसती फिरतेय."

हे त्या बाईंचं वाक्य आम्ही पुढे वर्षभर वापरलं. टपालाबद्दल.

*

यात एक अर्जही आहे. कर्णिकांना अचानक सुचलं की दोष मानपाड्याच्या बाजूच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वासाचा. डोंबिवलीत वारा फिरला की आम्ही खिडक्या लावायचो, हे खरं. पण आमच्या गल्लीत शंभर मुलं होती आणि चट्टे एकीला. कर्णिक म्हणाले ते तपासणं आपलं काम नाही, आपलं काम अर्ज. त्यांनी मसुदा केला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं. तीन प्रती. एका खात्याला पाठवला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. ते माझ्याच टेबलावर आलं, कारण मी पत्ता ऑफिसचा दिला होता. 'आपला अर्ज या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.'

असं उत्तर मी स्वतः आठवड्यातून वीस जणांना पाठवत होतो. मिळालं ते पहिल्यांदा. मी ते आवक नोंदवहीत चढवलं आणि मंजूच्या फाइलला लावलं.

*

हा किस्सा नाही, पण ओळीत येतो म्हणून.

नवरात्रात आमच्या सोसायटीत भोंडला असायचा. मध्ये पाटावर हत्ती, भोवती मुलींनी हात धरून फेर. मंजू साडेपाच वर्षांची. पाठ होती सगळी गाणी. मी गच्चीवरून पाहत होतो. फेर धरताना तिच्या डाव्या बाजूच्या मुलीने हात मागे घेतला. मंजूने फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं त्या मुलीपुढे केलं. त्या मुलीने ते धरलं. पूर्ण भोंडला तसा झाला. आणि उजवीकडच्या मुलीसाठी तिच्याजवळ दुसरा रुमाल होता.

म्हणजे दोन रुमाल ती घरून घेऊन निघाली होती. आम्हाला न सांगता.

सोमवारी मी ऑफिसात गेल्या गेल्या म्हणालो, "जरा कडक काहीतरी सुचवा." कडक सुचवण्यात आले.

*

सगळ्या शाखेत औषध दिलं नाही ते फक्त वैतीबाईंनी. फाइल त्यांच्या टेबलावर गेली की त्या टिपणी न लिहिता पुढे ढकलायच्या. एकदा त्यांनी मला एक घडी दिली. त्यांच्या आईचं जुनं सुती लुगडं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात धरल्याचं कळू नये. "पोरीला लागेल," एवढंच म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या.

औषध नाही, चूर्ण नाही, वापरायची पद्धत नाही. नुसतं कापड. ते कशाला लागेल हे मला समजेना. आणि आमच्याकडे तेव्हा जुन्या फायली बांधायला कापड नव्हतं. मागणीपत्र दीड वर्षापूर्वी गेलेलं. मी त्या लुगड्यात जुन्या आवक नोंदवह्या बांधल्या आणि गठ्ठा रेकॉर्ड रूममध्ये वरच्या फळीवर ठेवला.

बाईंच्या हे लक्षात आलं असणार. त्यांच्या लक्षात सगळंच यायचं.

पुढे सातआठ महिन्यांनी एका सोमवारी मी शिडी लावून तो गठ्ठा खाली काढला, नोंदवह्या सुतळीने बांधल्या आणि लुगडं झटकून वर्तमानपत्रात गुंडाळलं. दारातून जाताना बाई यंत्रावरून नजर न काढता म्हणाल्या, "सुटलं का एकदाचं?"

मी हो म्हणालो. माफी मागायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ठेवली, मग पुढच्या. नंतर त्यांची दुसऱ्या ऑफिसात बदली झाली.

*

निरोप समारंभाचा किस्सा चिटणीस अजून सांगतो. मी निवृत्त झालो तेव्हा मंजू बारावीत होती. अर्ध्या बाह्यांचा पंजाबी ड्रेस घालून आली. कोपरं शांत. पूर्ण गेलं म्हणत नाही; थंडीत अजून जरा डोकं वर काढतं आणि ती त्याला बरोबर ओळखते. पण हात लपवत नव्हती.

झालं! भाषणं माझ्याबद्दल व्हायची ती तिच्या कोपरांवर झाली. कर्णिक खास आलेले. म्हणाले, कडुलिंब कधी वाया जात नाही. गोखले म्हणाला, पाया पथ्याने घातला होता. चिटणीस म्हणाला, सुरुवात तर माझ्या मेव्हण्याच्या ट्यूबने झाली, हे फाइलवर आहे. तिघांचं थोडं वाजलंसुद्धा. मंजू हसून सगळ्यांना नमस्कार करत होती. झोंबणाऱ्या काकांनाही.

मग त्यांनी मला भेट दिली. नवीकोरी काळी बॅग, पितळी खटक्यांची. माझी जुनी मी मंजू पहिलीत गेली त्या वर्षी टाकून दिली होती, आणि तेव्हापासून दहा-अकरा वर्षं खांद्याला कापडी शबनम लावून येत होतो. यावर शाखेत अनेक तर्क झाले होते. कोणी म्हणे समाजवादी झाला, कोणी म्हणे कंजूष होताच.

"ती झोळी आता टाका, दामले," कर्णिक म्हणाले. "उघडून तरी बघा!"

सगळे म्हणाले उघडा. मी म्हणालो, घरी उघडतो. मंजूने माझ्याकडे पाहिलं आणि बॅग माझ्या हातातून घेतली.

ती माळ्यावर आहे. अजून उघडलेली नाही.

*

शेवटचा मी ऑफिसात कधीच सांगितला नाही.

भोंडल्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. डोंबिवलीचे आमचे डॉक्टर कुंदाला म्हणाले, कल्याणच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय लिहिलं होतं तो कागद दाखवा. म्हणून शनिवारी मी फाइल घरी आणली. रविवारी सकाळी कुंदाने ती उघडली. वरून खाली सगळी वाचली : मुदतवाढी, टिपण्या, पथ्याची यादी, अर्जाचं उत्तर. मग पहिलं पान काढून तिने खिडकीच्या उजेडात धरलं.

"अहो," ती म्हणाली, "याच्या मागं काहीतरी लिहिलंय."

मी म्हणालो, कागदाच्या पाठीवर लिहायची पद्धत नाही.

"तुमच्याकडं नाही," कुंदा म्हणाली.

डिंक सरकारी होता, म्हणजे पक्का. मी पट्टी आणि ब्लेड घेऊन आलो. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"खरवडू नका. ओलं फडकं ठेवा वर आणि दहा मिनिटं नुसते बसा."

आम्ही बसलो. मंजू जवळ येऊन बसली. मग कुंदाने एक कोपरा धरून चिठ्ठी अलगद सोडवली. डॉक्टर बॉलपेनने लिहायचे हे नशीब. डिंक लागलेली थोडी अक्षरं गेली होती, बाकी सगळं मागच्या बाजूला होतं, ठळक मराठीत, एकाखाली एक.

मंजू नुकतीच पहिलीत गेलेली. तिला मिळेल ते वाचायचं असायचं. म्हणाली, मी वाचते. एकेक अक्षर लावत वाचू लागली.

"अंघोळ कोमट पाण्याने, थोडाच वेळ. साबण नको. अंग घासू नका, टिपा. अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. रोज, दोनदा. कपडा जुना, मऊ, सुती. लोकर नको. नखं कापा. खाज आली तर ओलं फडकं ठेवा." पुढे जरा पुसलेलं होतं, ते तिने सोडलं. "कोणी सांगेल ते लावू नका."

कुंदा माझ्याकडे बघत नव्हती. मला ते बरं वाटलं.

"अजून एक ओळ आहे," मंजू म्हणाली, आणि बोट ठेवून वाचली. "खाज कशाने वाढते ते मुलीलाच विचारा."

वाचून झाल्यावर तिने कागद आईच्या मांडीवर ठेवला. तिच्या लक्षात यायला क्षणभर लागलं की मुलगी म्हणजे ती. दोन वर्षांची फाइल समोर पडली होती, आणि वैतीबाई सोडल्या तर शाखेतल्या प्रत्येकाची सही तिच्यात होती.

मी विचारलं, "सांग मंजू. कशाने वाढते?"

तिने आईकडे पाहिलं, मग खुंटीकडे. मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "बाबा, तुमच्या बॅगेचा खटका वाजतो ना, तेव्हा."